थांबणं कोणाला परवडतं?

प्रिय भाचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी प्रश्नांची यादी मिळाली. डॉलर महाग झाला म्हणजे नक्की काय होतं, व्याजाचे दर कोण ठरवतं, आंबे अमेरिकेला जातात ते कोणाच्या परवानगीने, आणि अगदी खाली, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखा एक प्रश्न: लासलगावच्या कांदा बाजारात शेतकऱ्याला किलोमागे 10 रुपये मिळाले अशी बातमी आली त्याच दिवशी आईने पुण्यात कांदा 35 रुपयांनी घेतला, मग मधले 25 कोण खातं?

मी या शेवटच्या प्रश्नालाच हात घालणार आहे. बाकीच्यांपैकी बरेचसे त्याच्या पोटातून निघतील. डॉलरचं मात्र पुढच्या खेपेला.

"कोण खातं" असं विचारलंस की उत्तर ठरलेलं असतं: दलाल. ते साफ खोटं नाही, पण ते मिळालं की माणूस पुढे विचारायचं थांबतो. त्याऐवजी दुसरा प्रश्न धर. या व्यवहारात थांबणं कोणाला परवडतं आणि कोणाला नाही? द्राक्षं आणि कांदे जहाजावर चढवण्याच्या कागदपत्रांत माझी नोकरी गेली, आणि व्यापार समजून घ्यायला मला याहून कामाचा प्रश्न सापडलेला नाही.

लासलगावचा लिलाव बघितला नसशील. सकाळी ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात, खरेदीदारांचा घोळका एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत जातो, मूठभर कांदा हातात घेऊन आकार, रंग, पत्ती म्हणजे वरची साल, आणि ओल बघतो, आणि एका गाडीचा भाव बघता बघता ठरतो. भाव पटला नाही तर शेतकरी नाही म्हणू शकतो. कागदावर तो स्वतंत्र आहे. पण ट्रॅक्टर भाड्याचा आहे, डिझेल जळलंय, आणि माल परत नेला तर उद्या भाव वाढेलच असं नाही. खरेदीदाराला मात्र ही गाडी सोडली तर मागची आहे. तोलमोलाची ताकद इथेच ठरते, बोलण्याच्या कौशल्यावर नाही.

आता कांद्यातही दोन जाती समज, थांबणारा आणि न थांबणारा. खरिपाचा लाल कांदा दिवाळीच्या आसपास यायला लागतो. त्यात पाणी जास्त, तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे महिन्यांत निघतो आणि चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, चार-सहा महिने राहतो. देशाच्या एकूण पिकात त्याचा वाटा सुमारे 70 टक्के, म्हणून पावसाळाभर देश त्याच्यावर जगतो. ज्याच्याकडे चाळ आहे आणि गावच्या सोसायटीच्या पीककर्जाच्या मार्चअखेरच्या भरण्याची टांगती तलवार नाही, तो एप्रिलमधला पडता भाव टाळून सप्टेंबरची वाट बघू शकतो. ज्याला पैसे आत्ता हवेत, तो सगळे विकतात तेव्हाच विकतो, म्हणजे सगळ्यात वाईट वेळी. जमीन सारखी, पाऊस सारखा, कष्ट सारखे, तरी वर्षअखेर दोघांच्या हाती वेगळा पैसा.

पण थांबणं फुकट नसतं. चाळीतला कांदा वजनाने घटतो, सडतो, कोंब फोडतो. पाव हिस्सा तरी गेला असं धरूनच हिशोब मांडावा लागतो. म्हणजे आज 15 रुपयांना न विकलेला कांदा चार महिन्यांनी 20 ला विकला तर जवळजवळ काहीच कमावलं नाही. करून बघ: 100 किलोचे आज 1500, नंतर उरलेल्या 75 किलोचेही 1500. थांबण्याची किंमत म्हणतात ती हीच, आणि बँक जे व्याज घेते तेही मुळात हेच. व्याजाची व्याख्या पाठ करण्याआधी हे गणित हाताने कर.

तुझ्या 25 रुपयांतही असंच बरंच काही दडलंय. लिलावानंतर माल निवडला जातो, गोल्टी म्हणजे बारीक कांदा आणि जोड कांदा बाजूला पडतो, बारदान म्हणजे गोण्या लागतात, हमाली, तोलाई, बाजार समितीचं शुल्क, ट्रकभाडं, मग पुण्यातला गुलटेकडीचा मार्केट यार्ड, तिथून गोणी उचलणारा हातगाडीवाला. त्याच्या गोणीतले काही कांदे रोज फेकले जातात आणि संध्याकाळी पाऊस आला तर विक्रीच बुडते. हे सगळं वजा करून जे उरेल त्यावर भांड. ते उरतंच. खरेदीदार मोजके असतात, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात, आणि एकमेकांवर चढी बोली न लावण्याचा करार कागदावर करावा लागत नाही. मी व्यापाऱ्यांची वकिली करत नाहीये. फक्त आरोप करण्याआधी वजाबाकी कर एवढंच म्हणतोय.

आता या खेळात आणखी एक जण आहे, ज्याला थांबणं सगळ्यात कमी परवडतं. सरकार. कांदा थोडा कमी पडला तरी भाव खूप वाढतो, कारण भाव वाढला म्हणून फोडणीत कांदा अर्धा टाकणारे लोक कमी, आणि नवीन पीक काही आठवड्याभरात उगवत नाही. 1998 मध्ये कांदा भडकलेला असताना दिल्लीत विधानसभेची निवडणूक झाली आणि तिथलं सत्ताधारी सरकार हरलं. तेव्हापासून प्रत्येक सरकारच्या मनात ती भीती आहे.

2023 चा क्रम लिहून काढ, एवढ्यावर तुझं अर्धं अर्थशास्त्र होईल. ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. त्याच महिन्यात सरकारी राखीव साठ्याचं उद्दिष्ट 3 लाख टनांवरून 5 लाख टनांवर नेलं आणि शहरांत 25 रुपये किलोने कांदा विकायला काढला. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडले. ऑक्टोबरअखेर ठरलं की टनामागे 800 डॉलरपेक्षा कमी भावाने कांदा बाहेर जाऊ द्यायचा नाही. 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद. ती उघडली थेट 4 मे 2024 ला, तीही किमान 550 डॉलर आणि 40 टक्के शुल्काच्या अटीवर. शेवटचं 20 टक्के शुल्क 1 एप्रिल 2025 ला गेलं. खाणारा वाचला, पिकवणारा अडकला. मे 2024 मध्ये कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत मतदान झालं तेव्हा केंद्रातल्या राज्यमंत्री हरल्या. सगळं श्रेय कांद्याला देऊ नकोस, निवडणुकीत शंभर गोष्टी असतात. पण दिल्लीत खाणारा रागावतो आणि दिंडोरीत पिकवणारा, हे ध्यानात ठेवलंस तर वर्तमानपत्रातल्या बऱ्याच "अचानक" निर्णयांची तारीख तुला आधीच कळायला लागेल.

माझं मत विचारशील तर रातोरात केलेली बंदी हा सगळ्यात महाग उपाय आहे. त्याचं बिल उशिरा येतं म्हणून तो स्वस्त दिसतो. बिल कुठे येतं? ढाक्यात. बांगलादेश हा आपला फार मोठा गिऱ्हाईक. सप्टेंबर 2019 च्या अखेरीस आपण निर्यात बंद केली, आणि पुढच्याच आठवड्यात तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या. स्वयंपाक्याला कांद्याशिवाय रांधायला सांगितलंय, बंदीआधी थोडं कळवलं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांनी हसत हसत सगळ्यांसमोर सुनावलं. हसणं वेगळं आणि व्यापार वेगळा. गिऱ्हाईक रिकाम्या कढईपुढे बसून राहत नाही. तो इजिप्त, चीन, पाकिस्तानकडे वळतो, स्वतःच्या शेतात लागवड वाढवतो, आणि आपण दार उघडतो तेव्हा त्याची गरज तेवढी उरलेली नसते. निर्यातदाराची खरी पुंजी म्हणजे हा माणूस माल पाठवतोच ही ख्याती, आणि ती ताळेबंदात कुठेच लिहिलेली नसते.

तुमच्या घराच्या हप्त्याशीही कांद्याचं नातं आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, 6.5 टक्क्यांवर नेला आणि दोन वर्षं तिथेच ठेवला. तिला महागाई 4 टक्क्यांच्या जवळ हवी होती, आणि भाजीपाला ती खाली येऊ देत नव्हता. त्या वेळच्या महागाईच्या मोजणीत एकट्या कांद्याचा वाटा टक्काभरसुद्धा नव्हता, पण खाण्यापिण्याचा सगळा मिळून जवळपास 46 टक्के होता. बाबांच्या गृहकर्जाचा दर रेपोला जोडलेला असेल, तर चाळीत सडलेल्या कांद्याचा लहानसा वाटा त्यांनीही भरलाय. हे त्यांना जेवताना सांगू नकोस.

द्राक्षांचं थोडक्यात सांगतो. नाशिकची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल युरोपात जातात, न्हावाशेवा बंदरातून रॉटरडॅमला तीनेक आठवडे, थंड रीफर कंटेनरमध्ये. द्राक्ष बिलकुल थांबत नाही. मार्च 2021 मध्ये एव्हर गिव्हन हे 400 मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवं पडलं ते ऐन हंगामात. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर येमेनमधून हल्ले सुरू झाले तशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. वाटेत दहा दिवस ते दोन आठवडे जास्त, आणि भाडं वर. येमेनमधल्या भांडणाचा भुर्दंड निफाडच्या बागायतदाराला का, याचं उत्तर नकाशा उघडून बोटाने वाट काढलीस की तुलाच सापडेल.

एक गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा विकिरण प्रकल्प आहे, म्हणजे शेतमालावर किरणांचा मारा करणारा. कांद्याला कोंब फुटू नयेत, म्हणजे तो जास्त थांबू शकावा, यासाठी उभारलेला. पण तो जगात गाजला आंब्यामुळे. अमेरिकेने आपल्या आंब्यावर किडीच्या भीतीने बंदी घातली होती. ती 2007 मध्ये उठली तेव्हा पहिले आंबे लासलगावलाच विकिरण करून गेले. त्याच सुमारास आपण हार्ले-डेव्हिडसनच्या मोटरसायकलींना दार उघडलं. तुझ्या आंब्याच्या प्रश्नाचं उत्तर तुला कृषिखात्यात शोधायचं होतं ना? ते वाणिज्य मंत्रालयाच्या टेबलावर सापडेल, शेजारी मोटरसायकल ठेवलेली.

आता काम. व्हिडिओ बघणं महिनाभर कमी कर. एक वही घे, रोज तीन आकडे लिही: लासलगावचा सरासरी भाव, गुलटेकडीचा भाव, आणि आईने दिलेला भाव. पहिले दोन रोज जाहीर होतात, तिसऱ्यासाठी पिशवी उचलून आईबरोबर जावं लागेल. तिन्ही एकदम हलतात का, की एक वर जाताना धावतो आणि खाली येताना रेंगाळतो, ते बघ. कोणता रेंगाळतो हे मी सांगणार नाही.

मे महिन्यात इकडे ये, बाजार समितीच्या सुट्ट्या आधी बघून. टोपी आण. एखाद्या शेतकऱ्याची हिशोबपट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, बघायला माग आणि तिच्यातली प्रत्येक वजावट कोणाच्या खिशात जाते ते विचार. मग चाळवाल्याला एवढंच विचार: कधी विकायचं हे तुम्ही कशावरून ठरवता? मोबाइल, शेजारी, हवामान, घरातलं लग्न, की अंदाज, जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत उतरवून घे, मध्ये बोलू नकोस. किमान पाच जणांना विचारल्याशिवाय मला दाखवू नकोस.

तुझा,
मामा