फुरशाला माणसाच्या अँटिबॉडीचं औषध चालेल का?

प्रश्न: पावसाच्या तोंडाला काजूच्या बागेत पाचोळा गोळा करताना माझ्या दिरांना फुरसं चावलं. विषावरच्या लसीच्या दहा वायल (बाटल्या) लागल्या, वर अंगभर पित्त उठलं. आता मोबाईलवर वाचलं की माणसाच्या रक्तातून सगळ्या सापांवर एकच औषध निघालंय, मग अजून घोड्याच्या रक्तातलंच का देतात? आणि दोन कंपन्यांच्या लसीत चांगली कुठली ते कसं कळायचं?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर: ताई, दीर वाचले हे फार बरं झालं. बातमी खरी आहे, पण अर्धी. अमेरिकेतल्या टिम फ्रीडी यांनी कित्येक वर्षं स्वतःला सापाचं विष टोचून घेतलं, त्यांच्या रक्तातून मिळालेल्या दोन अँटिबॉडी (विषाला निकामी करणारी प्रथिनं) आणि जोडीला व्हारेस्प्लाडिब हे औषध असं मिश्रण उंदरांवर वापरून बघितलं आणि मे २०२५ मध्ये ते छापून आलं, १९ पैकी १३ जातींच्या विषापासून पूर्ण संरक्षण मिळालं. पण त्या एकोणीसच्या एकोणीस जाती नाग-मण्यारच्या कुळातल्या! आपल्या कातळावर, गवतात पायाखाली येतं ते फुरसं, ते घोणशीच्या कुळातलं, त्याचं विष रक्त गोठूच देत नाही. त्यावर आज घोड्याचीच लस. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग घेतात, पेप्सिन या पाचक रसाने अँटिबॉडीचा नको तो भाग तोडतात, तरी प्रथिन परकंच, म्हणून पित्त उठतं. त्या भीतीने लस मात्र कधी नाकारू नका, रिअॅक्शनला अॅड्रेनलिनचं इंजेक्शन असतं.

कंपन्यांचं म्हणाल तर लेबलं सारखीच, एका मिलीत नाग-घोणशीचं प्रत्येकी ०.६ आणि मण्यार-फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष मारलं जातं असं. लॅबमध्ये विष आणि लस मिसळून उंदरांना देतात आणि निम्मे उंदीर वाचायला लस किती लागली ते मोजतात. पण विष कुठल्या गावच्या सापाचं? बरंचसं विष तमिळनाडूतल्या इरुला लोकांच्या सोसायटीतून येतं, आणि एकाच जातीचं विष मुलखागणिक बदलतं. कोकणातल्या फुरशाच्या विषावर प्रत्येक लस तपासून आकडे जाहीर झालेच पाहिजेत, हे मी मनापासून सांगतोय.

पेशंटजवळ निकाल कळतो तो साध्या काचेच्या ट्यूबमध्ये. नवी कोरडी ट्यूब, दोन मिली रक्त, वीस मिनिटं अजिबात हलवायची नाही, मग तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं ओघळलं तर विष अजून जोरात आहे. लस दिल्यावर सहा तासांनी परत तेच, तरी गोठलं नाही तर आणखी वायल. दिरांची ट्यूब किती वेळा लावली होती ते केसपेपरवर असेल, तो कागद जपून ठेवा.