आवक शिक्का मारून घेतलात का?

या वेळी ढीगभर पत्रं आलीत. निम्मी मिळकतकराची, बाकीची आरक्षणं, कचऱ्याची फी, आणि चारपाच "नगरसेवक फोन उचलत नाही" अशी. या शेवटच्या दुखण्यावर माझ्याकडे औषध नाही. मी एका महापालिकेच्या करआकारणी खात्यात तीसेक वर्षं काढली, त्यातली आठ आवक-जावकच्या टेबलवर, त्यामुळे माझी सगळी उत्तरं फिरून फिरून तारखेवर आणि शिक्क्यावर येतात, तेवढं सांभाळून घ्या.

प्रश्न: २०२० ला पुण्यात नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, आम्हीच राहतो. शेजारच्या जुन्या सोसायटीत तेवढ्याच फ्लॅटचं बिल आमच्यापेक्षा बरंच कमी. तिथले काका म्हणतात ४० टक्के सवलत असते, तुम्ही फॉर्म भरला नाही. कुठला फॉर्म? (कोथरूडहून एक वाचक)

काका बरोबर सांगतायत. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर करपात्र रकमेत ४० टक्के सूट, हा १९७० चा जुना ठराव. पुढे ऑडिटमध्ये त्यावर आक्षेप निघाला, सरकारनं ठरावच मोडीत काढला आणि १ एप्रिल २०१९ नंतर ज्या मिळकतींची नव्यानं आकारणी झाली त्यांना पूर्ण बिलं जायला लागली. म्हणजे एकाच गल्लीत, एकाच मापाच्या दोन घरांना दोन वेगळी बिलं, आणि कारण काय तर एक बिल्डिंग आधी झाली आणि एक नंतर. ओरड झाली, मार्च २०२३ मध्ये सरकारनं सवलत परत आणली आणि तीही २०१९ पासून. पण ती आपोआप लागणार नव्हती, पीटी-३ नावाचा अर्ज भरायचा होता. मुदत आधी १५ नोव्हेंबर २०२३ होती, मग महिनाअखेरपर्यंत वाढवली. पेपरात छापून आलं, व्हॉट्सॲपवर फिरलं, आणि तरी कितीतरी लोकांचं राहिलं, कारण फॉरवर्ड सगळ्यांनी केलं, भरलं थोड्यांनी.

आता तुम्ही काय करायचं तर, मुदत गेली असली तरी पीटी-३ आजच भरा. सोबत तुम्हीच राहता असं सोसायटीचं पत्र, आणि मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, लायसन, गॅस कार्ड, रेशन कार्ड यातलं काहीतरी. शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची कॉपी जोडा, लपवू नका, ते कॉम्प्युटरवर दिसतंच. मागच्या वर्षांचा फरकही त्याच अर्जात मागा. देतील, न देतील, पण मागितलाच नाही तर द्यायचा प्रश्नच येत नाही. आणि अर्जाची दुसरी प्रत न्या, तिच्यावर आवक शिक्का आणि नंबर घ्या.

शिक्क्याचं एवढं का लावून धरतो ते सांगतो. आमच्या टेबलवर एक रबरी शिक्का होता, तारखेची चाकं फिरवायची ती, आणि त्यातलं दिवसाचं चाक अडकायचं. सकाळी फिरवायला विसरलं की दुपारपर्यंत सगळ्या अर्जांवर कालची तारीख. एकदा मुदतीच्या शेवटच्या दिवशी एक आजी आल्या, भाजीच्या पिशवीत सगळ्या पावत्या, १९७८ पासूनच्या, दोऱ्यानं बांधलेल्या. शिक्का मारून दिला तर त्या चष्मा लावून बघतात आणि म्हणतात, "अहो ही आजची तारीख नाही, उद्याची पडलीय." ती तशीच राहिली असती तर त्यांचा अर्ज मुदतबाह्य! मी चाक मागे घेतलं, परत मारला, सही केली. त्या दिवशी रांगेत पन्नास जण होते, शिक्का वाचून बघणाऱ्या त्या एकट्या.

एक आणखी. वाद चालू आहे म्हणून बिल भरायचं थांबवू नका. थकबाकीवर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस, एवढं व्याज तर सावकार घेतो. "हरकत राखून भरणा" असं पत्र द्या आणि भरून टाका.

प्रश्न: वडिलांची साडेसात गुंठे जागा आहे, खूप वर्षांपूर्वीच्या डीपीत (शहराच्या विकास आराखड्यात) तिच्यावर बगीच्याचं आरक्षण पडलं. महापालिका घेत नाही, बांधू देत नाही, विकायला काढली तर एजंट निम्म्या भावाच्या गोष्टी करतो. आता नवीन डीपी आला, त्यातही आरक्षण तसंच. शहराचं नाव छापू नका. (एक वाचक)

नाही छापत. हे पत्र वाचून मला खरं वाईट वाटलं, कारण चूक कुठं झाली ते मला दिसतंय आणि ती जवळजवळ सगळेच करतात.

एमआरटीपी कायद्यात, म्हणजे १९६६ च्या नगररचना कायद्यात, कलम १२७ आहे. डीपी लागू होऊन दहा वर्षं झाली आणि तरी जागा घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यायची, मालकीची कागदपत्रं जोडून. त्यानंतर महापालिकेला चोवीस महिने मिळतात (आधी बाराच होते, २०१५ पासून वाढवले). तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, सुटलं, जागा मोकळी. आणि "पावलं" म्हणजे काय यावर २००७ ला सुप्रीम कोर्टात गिरनार ट्रेडर्सच्या केसमध्ये निकाल झालाय की नुसतं पत्र लिहिलं, ठराव केला, कलेक्टरकडे प्रस्ताव धाडला, एवढ्यानं भागत नाही, खरंखुरं भूसंपादन पुढं सरकायला पाहिजे. त्यामुळे "प्रस्ताव पाठवलाय" असं उत्तर आलं तरी घाबरून जायचं नाही.

पण मेख अशी की दहा वर्षं होऊन गेली आणि तुम्ही नोटीसच दिली नाही, मध्येच सुधारित डीपी आला आणि त्यात आरक्षण कायम राहिलं, तर घड्याळ परत शून्यावर. हेही सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय, पुण्याच्याच एका प्रकरणात. तुमच्या वडिलांना बहुतेक कुणीतरी सांगितलं असणार "थांबा, नवीन डीपीत काढून टाकू", आणि ते थांबले. हे वाक्य मी कॉरिडॉरमध्ये किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही, म्हणणारा दरवेळी वेगळा असायचा, वाक्य तेच.

पुण्याचंच बघा म्हणजे कळेल. जुन्या हद्दीचा डीपी १९८७ चा. पुढचा मसुदा २०१३ ला जाहीर झाला, त्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या, २०१५ ला सरकारनं तो महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि मंजूर झाला जानेवारी २०१७ मध्ये. म्हणजे १९९७ ला ज्याचं घड्याळ भरलं होतं आणि ज्यानं नोटीस दिली नाही, त्याचं ते वीस वर्षं भरलेलंच पडून होतं आणि एका रात्रीत रिकामं झालं. आता त्याचं परत भरतंय २०२७ ला. पुण्यातल्या जुन्या हद्दीतल्या वाचकांनी हे वाक्य दोनदा वाचा आणि आपला सर्व्हे नंबर मंजूर भागात आहे की मंजुरीतून मागे ठेवलेल्या भागात, म्हणजे ईपीमध्ये, ते आधी तपासा, कारण ईपीची तारीख वेगळी.

तुमच्यापुरतं बोलायचं तर नवीन डीपी अजून प्रारूप आहे की मंजूर, त्यावर सगळं ठरतंय. प्रारूप असेल आणि जुन्याला दहा वर्षं झाली असतील तर या महिन्यात वकिलाकडे जा, पुढच्या नाही. हरकतीची मुदत उघडी असेल तर हरकतही द्या आणि सुनावणीला स्वतः जा. सुनावणी घेणाऱ्या नियोजन समितीत सात जण असतात, तीन स्थायी समितीचे आणि चार सरकारनं नेमलेले. तिथं बोलायला दोनतीन मिनिटं मिळतात, त्यात आजोबांनी जमीन कशी घेतली हे सांगत बसू नका. भाग नकाशा आणि सातबारा पुढं सरकवा आणि एकच वाक्य बोला, की पलीकडे सरकारी जागा मोकळी आहे, बगीचा तिथं करा. असं काही असेल तरच अर्थात.

हरकतींनी काही होत नाही असं नाही. पिंपरी-चिंचवडचा सुधारित आराखडा मे २०२५ मध्ये जाहीर झाला, हरकती पन्नास हजारांच्या आसपास गेल्या. त्यात मोशीला आळंदीजवळ कत्तलखान्याचं आरक्षण होतं, वारकरी संप्रदायानं विरोध केला आणि मुख्यमंत्र्यांनी ते रद्द करायला सांगितलं. साडेसात गुंठेवाल्याच्या मागं वारकरी उभे राहत नाहीत हे मला कळतंय. म्हणून तर कागद.

प्रश्न: मुंबईत कचऱ्याची वेगळी फी येणार म्हणे. प्रॉपर्टी टॅक्स भरतोच की आम्ही, मग परत कसली? एकाच कचऱ्याचे दोनदा पैसे? (एक गृहिणी, मुलुंड)

ताई, तुमचा राग रास्त आहे पण उत्तर थोडं किचकट आहे. कर आणि शुल्क या दोन वेगळ्या गोष्टी. कर सगळ्यांकडून घ्यायचा आणि कुठंही खर्च करायचा, शुल्क एका सेवेचं घ्यायचं. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलंच होतं की स्थानिक संस्थांनी कचऱ्याचं उपयोगकर्ता शुल्क घ्यावं, त्याचाच आधार घेऊन मुंबई महापालिकेनं एप्रिल २०२५ ला उपविधींचा मसुदा काढला. ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिन्याला १०० रुपये, ५० ते ३०० पर्यंत ५००, त्यावर १०००. हरकतींना ३१ मेपर्यंत वेळ होता. तुम्ही दिली होती का? मी विचारणारच, सवय आहे.

आता ५१ मीटरवाला पाचशे भरणार आणि ५० वाला शंभर, हे काही पटत नाही. एका मीटरनं कचरा पाचपट होतो का? हरकत घ्यायची तर असल्या मुद्द्यावर घ्यावी, "आम्ही देणार नाही" म्हटलं की फाइलमध्ये एक आकडा वाढतो फक्त. पिंपरी-चिंचवडमध्ये २०२३ ला मिळकतकराच्या बिलातच घरटी महिना ६० रुपये लावले होते, गदारोळ झाला, सरकारनं स्थगिती दिली.

आणि मुळात हे नवनवीन शुल्क कुठून उगवतायत तर जकात गेली ना. मुंबईत ३० जून २०१७ पर्यंत जकात नाक्यावर रोज रोख पैसा यायचा, तुमच्या मुलुंडच्या नाक्यावरच्या ट्रकच्या रांगा आठवत असतील. जीएसटी आला, नाके बंद, आता सरकार भरपाई देतं तेव्हा येते. त्यात जानेवारी २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ, चांगलंच झालं ते, पण पिशवीला तेवढं भोक पडलंच. मग प्रशासन शोधत बसतं. २०२५-२६ च्या बजेटमध्ये, ७४ हजार ४२७ कोटींच्या, झोपडपट्टीतल्या दुकानांना आणि गाळ्यांना कर लावायचंही होतं.

जाता जाता, एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, गेला असं सगळे म्हणतात. घर घेताना बघा, पुण्यात पाच टक्के मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रोचा आणि एक टक्का एलबीटीचा अधिभार आहे. मेलेला माणूस अजून भाडं घेतोय.

प्रश्न: आमच्या गल्लीत पावसाळी लाइन टाकायचीय, बजेटमध्ये नागरिकांची कामं घेतात असं वाचलं. खरं का? (एक निवृत्त शिक्षक, पुणे)

खरं आहे सर, पुण्यात २००६-०७ पासून चालू आहे. क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन फॉर्म, एका कामाला पाच लाखांची मर्यादा, आणि फॉर्म उन्हाळ्यात नाही, साधारण गणपतीच्या आगेमागे निघतात. लोक मार्चमध्ये बजेटची बातमी वाचून धावतात तेव्हा यादी कधीच बंद झालेली असते. कराचे दरही मार्चच्या आधीच ठरतात, कायद्याप्रमाणं २० फेब्रुवारीच्या आत. पावसाळी लाइन पाच लाखात बसत नसेल तर चेंबर आणि जाळ्या मागा, त्या बसतात.

काम यादीत आलं म्हणून पेढे वाटू नका मात्र. वर्गीकरण नावाचा प्रकार असतो, एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्याकडे वळवायचे, त्यात छोटी कामं पहिली जातात. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं सभागृहच नव्हतं, बजेट मांडणारा आयुक्त आणि मंजूर करणारा प्रशासक एकच माणूस. आता १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं, स्थायी समितीत परत सोळा जण बसणार, नगरसेवकांच्या निधीतल्या कामांच्या 'स' यादीतली बाकडी आणि कापडी पिशव्याही परत येणार. नोव्हेंबरमध्ये एकदा क्षेत्रीय कार्यालयात जाऊन कामाचा बजेट कोड विचारा. कोड सांगता आला नाही तर काम नाही.

प्रश्न: मी घरी आठदहा मुलांच्या ट्यूशन घेते. वरच्या मजल्यावरचे धमकी देतात की तक्रार करून तुमचं बिल कमर्शियल करतो. करू शकतात का? (एक ताई, नाशिक)

तक्रार करू शकतात, बिल बदलणं त्यांच्या हातात नाही. निरीक्षक येतो, बघतो आणि जे दिसतं ते लिहितो. हॉलमध्ये सतरंजी आणि फळा दिसला आणि आत तुमचा स्वयंपाक चालू दिसला तर ते घर. बेंच, रिसेप्शन आणि बाहेर फ्लेक्स दिसला तर बिगरनिवासी दर लागायला वेळ लागत नाही. आणि उलट बाजूही ध्यानात असू द्या, उद्या कमर्शियल दरानं कर भरलात म्हणून तिथं क्लास चालवायची परवानगी मिळाली असं होत नाही, कर खातं वेगळं, बांधकाम परवानगी वेगळी, दोघं एकमेकांकडे बघत पण नाहीत.

फ्लेक्स लावला असेल तर आज काढा.