परिशिष्टांपासून सुरुवात करा

पदवीला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेतलेले बहुतेक विद्यार्थी पहिल्या वर्षी वास्तववाद, उदारमतवाद या सिद्धांतांच्या व्याख्या पाठ करण्यातच अडकतात. त्या परीक्षेला लागतातच, पण त्यांच्या जोडीला तुम्ही एखादा करार मुळातून वाचावा, असे मी सुचवेन. १९६० चा सिंधू जलकरार घ्या. रावी, बियास, सतलज भारताकडे आणि सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः पाकिस्तानकडे, एवढे वृत्तपत्रांतूनही कळते. मात्र पश्चिमेकडील या नद्यांवर भारताला जलविद्युत प्रकल्प कोणत्या अटींवर उभारता येतात आणि मतभेद दोन्ही देशांच्या स्थायी सिंधू आयोगात मिटला नाही, तर तो तटस्थ तज्ज्ञाकडे किंवा लवादाकडे कसा जातो, हे परिशिष्टे वाचल्याशिवाय उमगत नाही. (ती कंटाळवाणी असतात, हे मान्य.) एप्रिल २०२५ मध्ये भारताने हा करार स्थगित ठेवत असल्याचे जाहीर केले, त्या निर्णयाचे समर्थन करा वा टीका, पण त्याआधी करार संपुष्टात आणण्याविषयीचे बारावे कलम वाचा. परकीय भाषा मात्र पहिल्याच वर्षी सुरू करा. शेवटच्या वर्षी प्रवेशपरीक्षांच्या धांदलीत ते जमत नाही.