टर्मिनलवर खार जमलाय, बॅटरी बदलायची का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक चार वर्षं जुनी आहे, गाडी रत्नागिरीत असते आणि आठवड्यातून एखाददुसऱ्या वेळीच बाहेर निघते. प्लसच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा खार जमलाय. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक वाजतं, हेडलाइट मात्र लागतात. गॅरेजवाले म्हणतात बॅटरी बदला, शेजारचे काका म्हणतात वरून उकळतं पाणी ओता. कोणाचं ऐकू?

उत्तर : दादा, आत्ता तरी दोघांचंही नको. आधी टर्मिनल साफ करा, मग बॅटरी तपासा आणि मगच खर्चाचं बघा. हेडलाइटला साधारण दहा अँपिअर पुरतात, पण सेल्फला शंभर-दीडशे किंवा त्याहून जास्त लागतात, आणि तो सगळा करंट क्लॅम्प (वायरच्या टोकाची पकड) आणि पोस्ट (बॅटरीवरचा शिशाचा खुंट) यांच्या मधल्या जागेतूनच जातो. तिथे खारामुळे समजा 0.01 ओहम एवढाच अडथळा आला तरी दीडशे अँपिअरला 1.5 व्होल्ट तिथेच खाल्ले जातात, म्हणून बॅटरी चांगली असूनही सेल्फ फिरत नाही. अशा कितीतरी चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हा खार येतो आतल्या सल्फ्युरिक ॲसिडमुळे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्यासोबत ॲसिडचे बारीक कण बाहेर येतात नाहीतर पोस्टच्या बुडाशी ॲसिड झिरपतं, मग शिशावर पांढरा थर बसतो आणि तांब्याच्या वायरवर हिरवा-निळा. उकळत्या पाण्याने तो वाहून जाईल हो, पण ॲसिडसकट खालच्या ट्रेवर आणि पत्र्यावर जाईल, आणि तुमच्याकडे खाऱ्या हवेने पत्रा आधीच गंजायला टपलेला असतो. कोल्ड्रिंकसुद्धा नको, तेही ॲसिडच, वर साखरेचा चिकटा राहतो तो वेगळाच.

गाडी बंद करा, चावी काढा, हातमोजे आणि चष्मा घाला, आणि आसपास बिडी-सिगारेट कोणी ओढत नाही ना ते बघा कारण हायड्रोजन एका ठिणगीने पेटतो. आता दहा मिलिमीटरच्या पान्याने आधी मायनस काढायचा. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, त्यामुळे मायनस तसाच ठेवून तुम्ही प्लस खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर तिथल्या तिथे शॉर्ट! बसवताना उलटं, आधी प्लस आणि शेवटी मायनस. क्लॅम्प निघत नसेल तर हातोडी मारू नका, स्क्रू ड्रायव्हरने उचकटूही नका, नट पूर्ण सैल करून हलक्या हाताने फिरवत काढा. स्टार्ट-स्टॉपवाल्या (सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत मायनसच्या क्लॅम्पवर बहुतेक वेळा सेन्सर असतो, तो मोडला तर महागात पडतं.

एक ग्लास पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घाला आणि जुन्या टूथब्रशने क्लॅम्पवर आणि पोस्टवर लावा. फसफस होईल, ती थांबली की ॲसिड मेलं समजायचं, नाही थांबली तर परत लावा. बॅटरीला पाणी भरायची झाकणं असतील तर ती घट्ट आहेत ना हे आधी बघा, सोडा आत गेला तर आतलं ॲसिडच मारेल. मग साध्या पाण्याने थोडं थोडं धुवून कोरडं पुसा, पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा. तो पांढरा भुगा शिशाचा असतो, कोरडा खरवडून उडवू नका, लहान मुलांना लांब ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा.

हिरवा रंग वायरच्या प्लास्टिकच्या आतपर्यंत गेला असेल तर मात्र वरून घासून उपयोग नाही, ती वायर बदलावी लागेल.

एवढं झाल्यावर मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास हवेत, 12.2 असेल तर बॅटरी निम्मी उतरलीये. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5, आणि तो आकडा 15 च्या वर राहत असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) रेग्युलेटर गॅरेजमध्ये दाखवा, कारण ओव्हरचार्जिंगने ॲसिड बाहेर येतच राहणार आणि तुम्ही दर महिन्याला सोडा घेऊन बसणार. पोस्टच्या बुडाशी तडा किंवा ओल दिसली तर तेव्हा बॅटरी बदला, आणि जुनी दुकानदारालाच परत द्या. गाडी आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास रस्त्यावर फिरवा, जागेवर पाच मिनिटं चालू ठेवून भागत नाही.

प्रश्न : क्लॅम्पला ग्रीस लावायचं की पेट्रोलियम जेली? आणि आधी की नंतर?

उत्तर : पेट्रोलियम जेली, आणि नट घट्ट झाल्यावर वरून पातळ हात. ती वीज वाहून नेत नाही, तिचं काम फक्त हवा आणि ओल अडवायचं. धातूला धातू कोरडा टेकलाच पाहिजे. क्लॅम्प हाताने हलत नाही इतपत घट्ट पुरे, जास्त आवळलं तर शिसं मऊ असतं, पोस्ट दबतो.

प्रश्न : मी नाशिकची, गाडी नाही पण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवर असाच खार येतो. हेच करू का?

उत्तर : हो ताई, करा. फक्त आधी इन्व्हर्टर बंद करून भिंतीतला प्लग काढा, मगच वायरींना हात लावा. बॅटरीत पाणी किती आहे तेही बघा, कारण खुणेच्या वर भरलं की चार्जिंगच्या वेळी ते ॲसिडसकट उतू येतं. डिस्टिल्ड वॉटरच घाला, नळाचं नाही, आणि वरून ॲसिड तर कधीच नाही. बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराच्या खाली ठेवली असेल तर ती आजच हलवा, तिथे समई-निरांजन लागतं आणि बॅटरीचा गॅस वर चढतो. खिडकीजवळची मोकळी जागा बघा.