नव्या गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जातोयस ना, एवढं बघ

भावा, मेंबरनं गेस्ट म्हणून बोलवलंय तर बिनधास्त जा. स्कोअरचं टेन्शन पहिल्या राऊंडला घेऊच नकोस, नव्या कोर्सवर मुरलेल्यांचा पण अंदाज चुकतो.

सगळ्यात महत्त्वाचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत. नवे ग्रीन टणक असतात, बॉल पडला की थांबत नाही, उसळून पुढं जातो, आणि नवीन पोरं हमखास डायरेक्ट झेंड्यावर मारतात आणि पलीकडच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) जाऊन बसतात. तू ग्रीनच्या अलीकडंच टाक आणि घरंगळत जाऊ दे. सुरू करायच्या आधी पटिंग ग्रीनवर (सरावाच्या ग्रीनवर) पंधरा-वीस मिनिटं घालव, ड्रायव्हर (लांब मारायची काठी) बडवत बसण्यापेक्षा त्याचा फायदा जास्त.

दुसरं, कोल्हापूरचा पाऊस तुला माहितीच आहे, नव्या फेअरवेवर (टी पासनं ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर) गवत न धरलेले पट्टे राहतातच. पांढऱ्या रेषेनं आखलेलं असेल तर तिथनं बॉल फुकट उचलता येतो, पेनल्टी नाही. अडचण जिथं संपते तिथनं एका क्लबच्या (गोल्फच्या काठीच्या) अंतरात, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरनं ड्रॉप कर. हे माहीत नसल्यामुळं लोकं दगडमातीतनं मारतात आणि मनगट दुखावून घेतात, तसलं अजिबात करू नकोस.

बाकी:
- बॉल शोधायला 3 मिनिटंच
- क्लब 14 पर्यंत चालतात, तुला निम्मे पण बास
- ग्रीनवर बॉलचा खड्डा पडला की लगेच बुजव, गवत अजून कोवळं आहे

कॉलरचा टी-शर्ट घाल, जीन्स नको. स्विंगचं नंतर बघू. आणि कॅडी (क्लब उचलणारा मदतनीस) मिळत असला तर घेच, उतार कुठं वळतोय ते तोच नीट सांगंल.