उष्टं

मनू,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी म्हणाले, "घरी गेल्यावर सांगते." घरी आल्यावर भांडी, मग तुझं गणित, मग माझी रात्रीची मीटिंग. तीन दिवस झाले. म्हणून लिहूनच देते. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, लागू दे. हे मला इंग्रजीत सांगता येणार नाही, कारण ज्या शब्दावरून सगळं सुरू झालं त्याला इंग्रजीत नावच नाही.

इथल्या, कॅनडातल्या मराठी मंडळाच्या सहलीत तू बाटली तोंडाला लावून पाणी प्यायलीस आणि तशीच मैत्रिणीच्या हातात दिलीस. तिची आजी म्हणाली, "अगं, उष्टं नको देऊस." पुढे बोलण्याबोलण्यात आपण रविवारी चर्चला जातो हे त्यांना कळलं, तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही मराठी नाही, ख्रिश्चन." रागाने म्हणाल्या नाहीत, लाडू पुढे करताकरताच म्हणाल्या. आणि गाडीत तू दोन प्रश्न विचारलेस. मराठी माणसांना उष्टं चालत नाही, मग आपण चर्चमध्ये प्रभुभोजनाला सगळे एकाच पेल्यातून द्राक्षारस कसा पितो? आणि आपण खरंच मराठी नाही का?

हे दोन प्रश्न नाहीत गं. एकच आहे.

आधी उष्ट्याचं. ज्याला कुणाचं तोंड लागलं ते उष्टं. तू मला स्वयंपाक करताना बघतेस ना? आमटीची चव घ्यायची तर मी पळीने एक थेंब तळहातावर घेते आणि चाटते. पळी तोंडाला लावत नाही. हे माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. त्या बाबतीत आपण त्या आजींइतकेच मराठी आहोत. पण तुझ्या ताटात उरलेला वरणभात मी उभ्याउभ्या खाऊन टाकते, तेव्हा मला तो उष्टा वाटत नाही. शबरीने चाखलेली बोरं रामाने खाल्ली, ही गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना आवडते. म्हणजे उष्टं चालत नाही असं नाही. कोण कुणाचं खातं, यावर सगळं असतं.

आता आपल्या आजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या वडिलांचं, तुझ्या पणजोबांचं. नगर जिल्ह्यातलं लहान गाव. आपण महार. हा शब्द तू शाळेत कुणाला सांगायचा की नाही ते तुझं तू ठरव, घरात मात्र तो लपवायचा नाही. त्यांचे वडील गावचे येसकर. गावाची राखण करायची, सांगावे न्यायचे, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी दारोदार फिरून भाकरी मागायची. पणजोबा लहानपणी त्यांच्याबरोबर टोपली घेऊन जायचे. दारापासून लांब उभं राहून "जोहार मायबाप" म्हणायचं. आतून बाई यायची आणि वरून टाकायची, टोपलीला हात लागू न देता. कधी ताजी भाकरी, बहुतेकदा सकाळची, सणाच्या दिवशी पंगतीतलं उरलेलं. उष्टं. ते घेणं हा आपला हक्क आहे, असं गावही म्हणायचं आणि आपली माणसंही म्हणायची. सातशे वर्षांपूर्वी चोखोबांनी विठ्ठलालाच जोहार घातला आणि तुमच्या उष्ट्यासाठी आलोय म्हणाले. तो अभंग आजही लोक गातात, टाळ्या देतात. मला तो ऐकवत नाही. गोड चालीत म्हटला की जास्तच ऐकवत नाही.

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला लोकांना सांगितलं की हे शिळं-उष्टं मागणं आणि मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा. ते आपल्या गावात पोचायला काही वर्षं गेली. त्याआधी मिशनची शाळा पोचली होती. अमेरिकन मिशनने नगरमध्ये १८३१ सालीच काम सुरू केलं होतं, इंग्लंडचं मिशन बऱ्याच वर्षांनी आलं. आपण त्या दुसऱ्यातले. पणजोबा तिथे चौथीपर्यंत शिकले, पुढे वीस-बावीस वर्षांचे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गावात म्हणाले, भाकरीसाठी बाटला.

यावर आजी चिडते, मी चिडत नाही. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे विक्रम संवत १९५६ मध्ये, इंग्रजी १८९९-१९०० मध्ये, मिशनने पुष्कळांना जगवलं आणि त्यातले पुष्कळ ख्रिस्ती झाले, हे खरंच आहे. भुकेल्या माणसाने भाकरी देणाऱ्याचा हात धरला, यात लाज कसली? आणि गंमत बघ, मराठी बायबलमध्ये शब्दही 'भाकर' हाच आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, आणि योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो. इंग्रजीतला 'ब्रेड' ऐकून तुला सँडविच आठवत असेल. पण ज्याने लहानपणी टोपली पुढे धरून भाकरी मागितली, त्याला देव स्वतःच भाकर होऊन आला असं कुणी सांगितलं, तर त्याला काय वाटलं असेल याचा विचार कर.

तरी पणजोबा सांगायचे की त्यांना पटलं ते प्रवचनाने नाही, पेल्याने. त्यांचं पहिलं प्रभुभोजन. पाळक जन्माने ब्राह्मण होते. चांदीचा मुलामा दिलेला पेला, काठ पुसायला पांढरा कापडाचा तुकडा. पेला ओळीने फिरत पणजोबांपर्यंत आला, ते घोटभर प्यायले, पुढे गेला. आमच्या मंडळीत नियम असा की शेवटी उरलेला द्राक्षारस ओतून द्यायचा नाही, पाळकांनी प्यायचा. पणजोबांना हा नियम माहीत नव्हता. सगळ्यांचं झालं, पाळक वेदीकडे वळले, पेला तोंडाला लावला आणि संपवला. मग त्यात थोडं पाणी घालून, खळबळवून तेही प्यायले. महारवाड्यातल्या अकरा माणसांचं उष्टं. पणजोबा म्हणायचे, "मला वाटलं छत पडेल. छत काही पडलं नाही. बामनाच्या कपाळावर आठी पडते का बघितलं, तीबी न्हाई."

ही गोष्ट आजीने मला शंभरदा सांगितली आहे. अकराचे कधी चौदा होतात. पण आठीचं वाक्य बदलत नाही.

पुढचंही सांगते, नाहीतर अर्धंच कळेल. चर्चमध्ये गेलो म्हणून जात सुटली नाही. आपल्याच मंडळीत महारांचे बाक वेगळे आणि मांगांचे वेगळे होते, आणि लग्नाच्या वेळी तर विचारूच नकोस. १९५० मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला की अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. आजीच्या भावाला कॉलेजची फी भरता आली नाही, सवलत मागायला गेला तर तू ख्रिस्ती म्हणून परत पाठवला. गावाच्या लेखी आपण महारच होतो आणि सरकारच्या लेखी नव्हतो. १९५६ मध्ये बाबासाहेबांबरोबर निम्मी भावकी बौद्ध झाली. भावकीतल्यांनी पणजोबांना विचारलं, तुम्ही गोऱ्यांचा देव धरून काय मिळवलंत? पणजोबांचं उत्तर कुणाला आठवत नाही. एप्रिलमध्ये भीमजयंतीला ते जायचे आणि नाताळात करंज्यांचा डबा तिकडे जायचा, एवढं आठवतं.

गोऱ्यांच्या देवाचं म्हणशील, तर पंडिता रमाबाईंचं ऐक. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टरांनी गळ्यात क्रूस घालायला सांगितला, त्यावर लॅटिन अक्षरं. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन येत नाही, आमच्या देशातल्या बायकांनाही येत नाही. आपल्या संस्कृतपेक्षा त्या भाषेत असं काय जास्त आहे? ख्रिस्त हवा, पण त्याच्याबरोबर बांधून दिलेलं सगळं नको, असं त्या शेवटपर्यंत वागल्या. मांसाहारही केला नाही. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि आश्रमातल्या बायकांकडून छापून घेतलं. कवी ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. ते म्हणत, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो. चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हणायची त्यांची भजनं आजीला तोंडपाठ आहेत. ही दोघं जन्माने ब्राह्मण, पुलावरून आली. आपण नदीतून चालत आलो. पण आलो ते मराठीतूनच.

तेव्हा पुन्हा कुणी विचारलं तर मराठी की ख्रिस्ती यातलं एक निवडत बसू नकोस. इथल्या आपल्या चर्चमध्येही मागच्या महिन्यात एका काकांनी मला विचारलं की तुम्ही कॅनडात आल्यावर ख्रिश्चन झालात का. मी म्हटलं, नाही, माझ्या आजोबांनी घेतला बाप्तिस्मा, मराठीत. ते "ओह" म्हणाले आणि कॉफी आणायला गेले.

त्या आजींवर रागवू नकोस. पुढच्या महिन्यात नाताळाच्या फराळाला त्यांना बोलावू. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, त्यांच्या दिवाळीतलंच सगळं. सारण तू भर, पण चाखलेला चमचा परत पातेल्यात घालायचा नाही, सांगून ठेवते.

आणि रविवारी आजीला फोन कर. आधी "सलाम आजी" म्हण, हाय नको. कोविडपासून त्यांच्या चर्चमध्ये प्रत्येकाला वेगळी प्लॅस्टिकची इवलीशी वाटी मिळते, अजून पेला परत आलेला नाही. त्यावर ती अर्धा तास बोलेल. "हे काय प्रभुभोजन? खोकल्याच्या औषधाचं झाकण!" असं म्हणाली की हसू नकोस.

तुझी,
आई