उन्हाळ्यातला सुट्टीचा दिवस घरातच राहून मजेत कसा घालवता येईल?

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात कुठे जायचं नाहीये, घरीच राहायचंय, पण दिवसभर मोबाइल बघत पडून राहण्याचाही कंटाळा आलाय. मी अकोल्याची. आमच्याकडे मेमध्ये पारा 44-45च्या घरात असतो, त्यामुळे दुपारी बाहेर पडायचा प्रश्नच येत नाही. तरीही वर्षातले माझे सगळ्यात लाडके दिवस कोणते विचाराल तर हेच. आमच्या घरचा रविवार कसा जातो ते सांगते.

पहाटे पाचला उठते. झाडांना पाणी, अंगण, स्वयंपाक, सगळं नवाच्या आत उरकून टाकायचं. मग खिडक्या लावायच्या आणि पडदे ओढायचे. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ती अजूनही आतून विचारते, "खिडक्या लावल्या का वं?" रात्रीचा गारवा असा घरात कोंडून ठेवला की साडेअकरा-बारापर्यंत कूलरचीही गरज पडत नाही. एकदा खिडक्या लागल्या की दिवस आपला. कोणी येणार नाही, आपण कुठे जाणार नाही. मला तर त्या अर्धवट अंधारातच खरी सुट्टी लागल्यासारखी वाटते.

कूलरला आम्ही अजून वाळ्याच्या ताट्याच लावतो. पहिलं पाणी त्यांच्यावरून उतरलं की जो वास घरभर पसरतो, त्यासाठी मी वर्षभर थांबायला तयार आहे. आमच्याकडची हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि वारा गार होतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कूलरचा तेवढा उपयोग होत नाही. एक मात्र करा, कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसती चिकचिक होते.

माठाचंही तसंच. त्याच्या अंगातून पाणी पाझरतं, ते उडताना आतलं पाणी गार करतं. म्हणून माठ कधी साबणाने घासू नका आणि बाहेरून रंगवलेला घेऊ नका, त्याची छिद्रं बुजतात. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवायचा, मग ओल्या वाळूवर बसवायचा. आमच्या माठात आई वाळ्याची एक लहानशी जुडी टाकते. दुपारी दोनला तांब्याच्या पेल्यातून ते पाणी प्यायले की फ्रिजच्या बाटलीची आठवणही होत नाही.

जेवण अगदी साधं. भाकरी, वरण आणि कांदा-कैरीचा टक्कू. कैरी आणि कांदा किसायचा, त्यात गूळ, तिखट, मीठ आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. टक्कू अर्धा तास मुरला पाहिजे, लगेच खाल्ला तर गूळ वेगळा आणि कैरी वेगळी लागते. पन्ह्यासाठी कैऱ्या सकाळीच उकडून ठेवते. गर हाताने कुस्करायचा, मिक्सरमध्ये नाही. बोटांना कोयीभोवतीचा तो मऊ, धागेदार गर लागतो, आणि कोय चोखायचा मान कोणाचा यावर आमच्याकडे अजून भांडण होतं. एक वाटी गराला दीड-दोन वाट्या गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. गराची आंबट-गोडी चाखूनच गूळ घाला, प्रत्येक कैरी वेगळी असते.

मग झोप. दुपारच्या झोपेबद्दल मनात काही आणू नका, फक्त गजर लावू नका. कूलरची एकसुरी घरघर आणि बाहेर एखादा कावळा, एवढंच ऐकू येतं. चारला चहा होतो. त्याच वेळी रसासाठी आंबे पाण्यात टाकायचे, म्हणजे रात्री जेवायच्या वेळी ते गार झालेले असतात.

पण सगळ्यात सुंदर वेळ संध्याकाळची. ऊन उतरलं की गच्चीवर पाणी शिंपायचं. पहिल्या दोन बादल्यांना स्लॅबमधून अक्षरशः वाफ येते, तिसऱ्या बादलीनंतर तळपाय टेकवता येतात. आठ वाजता गाद्या घालून ठेवायच्या, म्हणजे दहापर्यंत चादरी गार होतात. त्या गार चादरीला पाठ टेकली की दिवसभराच्या उन्हाचं काही वाटत नाही.

वर सप्तर्षी असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे नेली की तांबूस स्वाती सापडते, आणखी पुढे दक्षिणेकडे पांढरीशुभ्र चित्रा. मला हे आईने दाखवलं, याच गच्चीवर. आता तिला चित्रा नीट दिसत नाही, म्हणून मी तिचा हात धरून बोट तिकडे नेते. ती म्हणते, "हो, आहे तिथंच." मग आम्ही दोघी गप्प पडून राहतो, मध्यरात्रीनंतर वारा सुटतो तेव्हा मी तिच्या पायांवर चादर ओढते.